गटार कुठे जातं

दाराची कडी लावली तरी इतिहासाच्या बाईंचं समाधान होईना. त्यांनी ती काढली, पुन्हा सरकवली आणि दाराला खांद्याने रेटा देऊन पाहिला. दार जागचं हललं नाही.

या दारापलीकडे शाळेचा नवा जिना व्हायचा होता. अजून झाला नव्हता. सध्या तिथे सिमेंटचा एक लहानसा ओटा होता, ओट्याला कठडा नव्हता, आणि ओटा संपला की काहीच नव्हतं. दोन मजले खाली वाळूचा ढीग आणि त्यातून वर आलेल्या लोखंडी सळ्या. दाराला कुलूप लावा, असं बाई कामाच्या पहिल्या दिवसापासून सांगत होत्या. गवंडी म्हणाला, "बाई, आमची सारखी ये-जा. किल्ली कोण सांभाळत बसणार?" मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "अहो, नववीची मुलं आहेत. रांगणारी बाळं नाहीत."

ते खरंच होतं. पण नववीच्या मुलांना डोळे असतात, आणि आज एक तासभर ते नसणार होते.

बाई लांबलचक व्हरांड्यातून हॉलकडे परत आल्या. बाकं भिंतीला लावून मधली जागा मोकळी केली होती. टेबलावर काळे चष्मे ओळीने मांडलेले होते, पोहणाऱ्यांचे असतात तसे, पण चांगले जाडजूड, कानांवरही झाकण येणारे. ते घातले की मूल हॉलमधून नाहीसं व्हायचं आणि चार हजार वर्षांपूर्वीच्या एका नदीकाठच्या नगरात उभं राहायचं. विटांची घरं, अरुंद बोळ, न्हाणी, धान्याची कोठारं. बाईंनी जन्मभर हे सगळं फळ्यावर खडूने काढलं होतं. पहिल्यांदा चष्मा घातला तेव्हा त्या एका उंबऱ्यावर इतका वेळ उभ्या राहिल्या, की संगणकाच्या सरांना वाटलं यंत्रच अडकलं.

संगणकाचे सर म्हणजे बाईंचा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा. यंदाच लागला होता, अजून कायम झाला नव्हता.

"मावशी, झालं का तुझं दार बघून?"

"शाळेत बाई म्हण."

"बाई, झालं का तुमचं दार बघून?"

"झालं. तुझं?"

"सगळे चष्मे चार्ज आहेत. आणि ती जाळी मी बंद करून टाकलीय."

बाई थांबल्या. चष्मा घातलेलं मूल आखून दिलेल्या जागेबाहेर जाऊ लागलं, की त्याच्या डोळ्यांसमोर एक निळी जाळी उभी राहत असे. पुढे भिंत आहे, बाक आहे, थांब, असं सांगणारी.

"बंद? कशासाठी?"

"काल बघितलंस ना? नुसता हात लांब केला तरी जाळी. एवढं जुनं नगर आणि भिंतीभिंतीवर निळी जाळी! आज पाहुणे स्वतः चष्मा घालणार. त्यांना तेच दिसलं तर मोठ्या बाई मला उभा चिरतील."

"आणि एखादं मूल चालायला लागलं तर?"

"चालेल कशाला? एका जागी उभं राहायचं, रिमोटवर अंगठा दाबायचा, आपोआप पुढे जायचं. पाय हलवायची गरजच नाही."

"तरी चालू कर."

"आता एकेक चष्मा डोळ्याला लावून पुन्हा जागा आखत बसावं लागेल. पाहुणे फाटकात आलेत. मावशी, इतकी काळजी करू नकोस गं. काळजीनेच तुझे केस पांढरे झालेत."

"माझे केस तू पाच वर्षांचा असताना पांढरे झाले. कशाने ते तुझ्या आईला विचार."

भाचा हसला. बाईंना हसू आलं नाही.

चष्मे शाळेला उसने मिळाले होते. आज खात्याचे दोन साहेब धडा पाहणार, त्यांना आवडला तर चष्मे इथेच राहणार, आणि इतर शाळांनाही मिळणार. नाहीतर परत. बाईंनाही ते जायला नको होते. जांभया देणारी मुलं आता मधल्या सुट्टीत दारात उभी राहून विचारत होती, "बाई, त्या लोकांच्या घरांना रस्त्याकडे खिडक्या का नव्हत्या?" असा प्रश्न ऐकायला शिक्षकाला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते.

पण सरावाच्या तासांना दोन गोष्टी झाल्या होत्या आणि त्या बाईंच्या मनातून जात नव्हत्या. वर्गातला सगळ्यात बोलका मुलगा, ज्याला सगळे वकील म्हणत, त्याचं चित्र भाच्याने मधेच बंद केलं होतं. एकदम काळोख झाल्यावर वकील दचकून पुढे गेला आणि बाकावर आपटला. दुसऱ्या एका मुलीच्या खांद्याला बाईंनी मागून हात लावला, तर ती चटका बसल्यासारखी उडाली. जिथे आपण एकटे आहोत असं वाटतं तिथे कुणाचा तरी हात! तेव्हापासून बाईंनी ठरवलं होतं की कुणाला न सांगता हात लावायचा नाही, मधेच बंद करायचं नाही, जे काही सांगायचं ते माइकवरून सांगायचं, हळू आवाजात.

मुलं आली. चष्म्यांचं वाटप सुरू झालं. धक्काबुक्की, "हा माझा," "काल मी घातला होता," "तुझ्या डोक्याला मापाचा नाहीच मिळणार, कलिंगड आहे ते." शेवटी रांगेत मुंगी उरली.

मुंगी वर्गातली सगळ्यात लहान चणीची मुलगी. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करायची, ना कमी ना जास्त. एकदा बाई तिला म्हणाल्या, "मी येईपर्यंत वाचत राहा," आणि विसरून गेल्या. मधली सुट्टी संपल्यावर वर्गात आल्या तर मुंगी रिकाम्या वर्गात उभी राहून मोठ्याने वाचत होती. डबा खाल्ला नव्हता.

"बाई, माझ्या रिमोटचं..."

तेवढ्यात मोठ्या बाई पाहुण्यांना घेऊन दारात आल्या. मुलं उभी राहिली. बाईंनी मुंगीला हाताने खूण केली, थांब जरा. मुंगी गप्प झाली. पाहुणे असताना मधे बोलायचं नाही, हेही तिला सांगितलेलं होतं.

"आत्ताच साहेबांना आपल्या नव्या जिन्याचं काम दाखवून आणलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "काय सुंदर वारा येतो हो तिथून!"

बाईंनी लगेच विचारलं, "कडी लावलीत ना परत?"

"कसली?"

"दाराची. जिन्याच्या."

"लावली असेल की शिपायाने. सुरू करा, बाई, साहेबांना अजून दोन शाळा करायच्यात."

बाईंनी भाच्याकडे पाहिलं, जाऊन बघून ये असं डोळ्यांनी सांगितलं. पण तो थोरल्या साहेबांच्या डोक्यावर चष्मा बसवत होता आणि घामाने त्याचे हात निसटत होते. आपणच जाऊन यावं म्हणून बाई दोन पावलं वळल्या. तेवढ्यात मोठ्या बाईंनी टाळी वाजवली. "शांत! बाई बोलतायत."

बाई बोलल्या.

"आज राजवाडा नाही, कोठार नाही. प्रत्येकाने एका घराच्या न्हाणीपाशी उभं राहायचं. तिथून गटार निघतं. ते धरून जायचं. ते कुठे जातं ते मला सांगायचं. मी सांगेपर्यंत चष्मा काढायचा नाही."

"बाई, इतकी हजार वर्षं मागे जायचं आणि गटार बघायचं?" वकील म्हणाला. हॉल हसला. धाकटे साहेबही हसले.

"राजवाडा काय, पाहुण्यांसाठी सजवलेला असतो," बाई म्हणाल्या. "गटार कुणी सजवत नाही."

चष्मे डोळ्यांवर गेले आणि हॉल बदलला. सगळ्या मुलांचे चेहरे नाकापासून वर नाहीसे झाले. सारखेच गणवेश, सारखेच काळे चष्मे. कोण कुठलं ते ओळखू येईना. भाच्याने बाईंच्या हातात टॅब दिला. त्यावर लहान लहान चौकटी होत्या, प्रत्येक मुलाला जे दिसत होतं त्याची एक. बोळ, विटा, गटारावरच्या फरश्या. चौकटीवर बोट ठेवलं की त्या मुलाचा आवाज यायचा आणि माइकवरचं बोलणं त्या एकट्यालाच ऐकू जायचं.

"बाई, माझं गटार दुसऱ्याला मिळालं!"

"छान. मग दोन्हींचं पाणी कुठे जातं बघ."

"बाई, इथे एक मोठं मडकं पुरलंय!"

"कशासाठी असेल?"

धडा चांगला चालला होता. मोठ्या बाई फोनवर फोटो काढत होत्या. थोरले साहेब चष्म्यात मान वर करून "अरे वा, अरे वा," म्हणत होते. पण बाईंचं चित्त व्हरांड्यात होतं. हॉलचं दार उकाड्यामुळे उघडंच ठेवलं होतं. आणि त्या दारातून गार वारा येत होता. सकाळी येत नव्हता.

त्यांनी टॅबवर पुन्हा नजर टाकली आणि एका चौकटीपाशी ती अडकली. बाकीच्या चौकटींतली चित्रं तेलावरून घसरल्यासारखी गुळगुळीत सरकत होती. अंगठ्याने जाणाऱ्याला तसंच दिसतं. ही एकच चौकट हलत होती. थोडी वर, थोडी खाली, थोडी वर, थोडी खाली. चालणाऱ्या माणसाला जग दिसतं तशी.

बाईंनी मान वर करून मुलं मोजली. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजली. एक कमी.

त्या हॉलच्या दाराशी गेल्या. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जिन्याचं दार सताड उघडं होतं. उजेडाचा पांढरा चौकोन. आणि त्या चौकोनात, उंबरा ओलांडून ओट्यावर, एक लहानशी काळी आकृती सावकाश पाऊल टाकत होती. मान खाली. गटार धरून चालली होती.

भाचा त्यांच्या खांद्यामागून डोकावला. "मावशी," एवढंच म्हणाला आणि धावायला निघाला. बाईंनी त्याचा शर्ट मुठीत धरला.

"धावू नकोस. हात लावलास तर उडेल."

"बंद करतो मग..."

"काळोख होईल. वकिलाचं काय झालं आठव."

"मग काय करू?" त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

शाळेच्या मागे बाईंचा एक वाळूचा खड्डा होता. त्यात त्या फुटक्या मडक्यांचे तुकडे, बांगड्या, हाडं पुरून ठेवायच्या आणि मुलांना उकरायला लावायच्या. पहिल्या वर्षी काहीतरी सापडलं की मुलं आनंदाने नाचायची आणि जे सापडलं तेच पायाखाली चिरडायची. म्हणून बाईंनी एक नियम केला. 'सापडलं' असा शब्द ऐकू आला, की ज्याने त्याने जिथे असेल तिथे खाली बसायचं. मांडी घालायची, हात मागे घ्यायचे, काय दिसतं त्याच्या तीन गोष्टी सांगायच्या, आणि मगच वस्तूला हात लावायचा. पाचवीपासून ही मुलं तसंच करत आली होती.

बाईंनी माइक तोंडाशी धरला. खड्ड्यापाशी असायचा तोच आवाज घशातून बाहेर काढला.

"सापडलं!"

त्यांच्या मागे सगळा हॉल धप्प करून खाली बसला. समोर पांढऱ्या चौकोनातली आकृती थांबली.

पण बसली नाही.

बाईंनी हलत्या चौकटीवर बोट ठेवलं. मुंगीचा बारीक आवाज आला.

"बाई, काय सापडलं? मला तर काहीच सापडलेलं नाही."

नियम खड्ड्याचा होता; इथे काहीच न सापडता बसणं मुंगीला जमणार नव्हतं, हे बाईंना कळायला हवं होतं.

"तुझ्या पायाशी आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी चालायला सुरुवात केली. भाचा त्यांच्या पुढे, भिंतीला लागून, श्वास धरून.

"पायाशी गटारच आहे. वर फरश्या आहेत. पुढची एक निघालीय. पुढे होऊन आत बघू?"

आकृतीचा पाय उचलला गेला.

"आधी नियम सांग," बाई म्हणाल्या. आवाज फाटू नये म्हणून त्यांनी माइक हनुवटीत रुतवला होता. "मग बघ."

पाय हवेत राहिला. मग जिथून उचलला होता तिथेच परत टेकला.

"सापडलं की बसायचं. हात मागे घ्यायचे. तीन गोष्टी सांगायच्या."

"मग?"

मुंगी खाली बसली. मांडी घातली. हात मागे घेतले. तिच्या गुडघ्यांपुढे ओट्याची कड होती, आणि कडेपुढे आकाश.

"एक," ती म्हणाली, "गटाराच्या विटा घराच्या विटांसारख्याच आहेत. म्हणजे एकाच मापाच्या पाडल्या असतील."

"शाबास. सावकाश सांग. घाई नाही."

व्हरांडा संपता संपत नव्हता. बाईंचा डावा गुडघा दर पावलाला कुरकुरत होता.

"दोन, गटाराला उतार आहे. म्हणजे आधी ठरवून बांधलंय. घरं झाल्यावर नाही."

"तीन?"

मुंगीने मान आणखी खाली वाकवली.

"तीन नक्की सांगता येत नाही, बाई."

"नक्की नसलं तरी सांग."

"खालून वारा येतोय. पायांना लागतोय. बाई, चष्म्यात वारा कसा लागेल?"

भाचा दाराशी पोचला होता. त्याने हात पुढे केला. बाईंनी मान हलवली, नको.

"ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे," बाई म्हणाल्या. "आता उठायचं नाही. बसल्या बसल्या मागे सरक. तुझ्या मागे एक बघायचं राहिलंय."

"काय?"

"मी."

हात जमिनीला टेकून मुंगी मागे सरकली. आणखी मागे. उंबऱ्याच्या आत. तोवर बाई उंबऱ्याशी पोचून खाली बसल्या होत्या. त्यांच्यात आणि मुलीत वीतभर अंतर होतं.

"मी आता तुझ्या खांद्याला हात लावणार आहे. लावू?"

"लावा."

बाईंनी हात ठेवला आणि मग तो काढलाच नाही. भाच्याने दार ओढून घेतलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. मग तो तसाच घसरत खाली बसला.

चष्मा निघाला. मुंगीने डोळे मिचकावले. व्हरांड्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, संगणकाचे सर जमिनीवर का बसलेत ते पाहिलं.

"बाई, रिमोट चालतच नव्हता. तुम्ही गटार धरून जा म्हणालात, म्हणून मी पायांनी गेले. चुकलं का?"

"नाही."

"मग तुम्ही अनवाणी का आलात?"

"तुझी तिसरी गोष्ट बरोबर होती," बाई म्हणाल्या. "वारा खरा होता. दारापलीकडे काय आहे ते दाखवते. पण माझा हात धरून."

हॉलमध्ये सगळा वर्ग अजून मांडी घालून, हात मागे घेऊन बसलेला होता. थोरल्या साहेबांनी चष्मा काढला होता आणि ते हा देखावा कौतुकाने बघत होते.

"कमाल आहे! एका शब्दात वर्ग खाली! हे प्रोग्रॅममध्येच आहे का?"

"ही आमच्या शाळेची शिस्त, साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मग काही प्रश्नच नाही. सगळ्या शाळांना देऊन टाकू."

"बाई, मांडी मोडू का?" वकिलाचा केविलवाणा आवाज आला. "पाय माझे राहिलेच नाहीत."

"मोडा. चष्मे काढा. भिंतीशी बसा."

सगळ्या शाळांना. बाईंच्या डोळ्यांपुढे कितीतरी हॉल आले, कितीतरी व्हरांडे, आणि त्या सगळ्यांच्या टोकाला काय होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी भाच्याकडे पाहिलं. तो राखेसारखा पांढरा पडला होता. जाळीचं बोलायचं तर त्याचं नाव घ्यावं लागणार. बहिणीचा फोन रात्री येणारच होता, रोज येतो तसा, आज साहेब काय म्हणाले ते विचारायला. जाळी गेली, रिमोट गेला, कडी गेली, आणि एका मुलीला तिचं वाक्य पुरं करू दिलं नाही. यातलं शेवटचं बाईंचं स्वतःचं होतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "गटार कुठे जातं, ते तुम्हाला दाखवायचं राहिलं."

"हो का? दाखवा की."

"मावशी, थांब." भाचा पुढे आला. सगळा वर्ग मान वळवून बघू लागला, कारण सर बाईंना मावशी म्हणाले होते. "जाळी मी बंद केली होती. मी दाखवतो."

"कसली जाळी?" मोठ्या बाईंनी विचारलं. भाचा दाराकडे वळला होता.

ते सगळे व्हरांड्यातून चालले. पुढे भाचा, मग दोन्ही साहेब, मोठ्या बाई, आणि शेवटी मुंगीचा हात धरून इतिहासाच्या बाई. वाटेत कुणीतरी बाईंच्या चपला ओलांडल्या. दाराशी आल्यावर भाच्याने कडीला हात घातला. धाकटे साहेब फोनमध्ये बघत होते. थोरले साहेब लगबगीने पुढे सरकले.

"साहेब, आधी खाली बसा," बाई म्हणाल्या.

"इथे?"

"इथेच. हात मागे."

साहेबांना ती गंमत वाटली, मग बाईंचा चेहरा बघून वाटेनाशी झाली. तरी ते अवघडून उभेच होते. तेव्हा मुंगीने वर बघत त्यांना सांगितलं, "सापडलं की बसायचं असतं."

साहेब बसले. धाकट्यांनी फोन खिशात टाकला आणि तेही बसले. सगळ्यात शेवटी मोठ्या बाई, भिंतीचा आधार घेत. भाच्याने दार उघडलं. वारा आत आला आणि थोरल्या साहेबांचे कपाळावरचे केस उडवून गेला.

"आता," बाई म्हणाल्या, "तीन गोष्टी सांगा."

साहेबांनी मान पुढे करून खाली पाहिलं. वाळू होती, सळ्या होत्या. मग त्यांनी मान वळवून मुंगीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या चष्म्याकडे पाहिलं. "एक," ते म्हणाले, "चष्म्यातून हे दिसत नाही."